ओढा नदीला पुन्हा जोडायचा म्हणजे नेमके काय करायचे?

उल्हास नदीला मिळणाऱ्या ओढ्यांमध्ये पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर जेवढे मासे चढायचे तेवढे आता चढत नाहीत, ही तक्रार बदलापूर, मुरबाड, टिटवाळा या पट्ट्यातल्या गावांमध्ये सर्रास ऐकायला मिळते. कारण विचारले की बोट कारखान्यांकडे किंवा धरणाकडे दाखवले जाते आणि त्यात तथ्यही आहे. मात्र ज्या ओढ्यावर कारखाना नाही आणि धरणही नाही, तिथलेही मासे कमी होतात, तेव्हा रस्त्याखालची मोरी तपासावी लागते. हातभर उंचीचा सिमेंटचा कठडा, दोन नळ्यांची मोरी किंवा एखादा फरशी पूल एवढ्यानेही ओढा माशांच्या दृष्टीने नदीपासून तुटू शकतो. पाणी वरून खाली येतच राहते, त्यामुळे माणसाला काही बिघडल्याचे कळत नाही. खालून वर जाणाऱ्या माशाची वाट मात्र बंद झालेली असते.

ओढ्याला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी उल्हास नदीचे रूप आधी पाहावे लागेल. खंडाळा-राजमाचीच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणपर्यंत येते, पुढे तिची खाडी होते आणि वसईजवळ ती समुद्राला मिळते. वाटेत तिला पेज, पोशीर, शिलार, बारवी या उपनद्या मिळतात आणि भातसा व काळू यांचे पाणीही कल्याणच्या आसपास तिच्यात येते. या प्रत्येक उपनदीला पुन्हा शेकडो वहाळ आणि ओढे आहेत. उल्हास उन्हाळ्यातही वाहती असते, याचे एक मोठे कारण भिवपुरीचे जलविद्युत केंद्र हे आहे. घाटमाथ्यावर अडवलेले भीमा खोऱ्यातले पाणी वीज तयार करून खाली सोडले जाते आणि पेज नदीतून ते उल्हासमध्ये येते. ओढ्यांना असा कोणी पाठीराखा नाही. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये आटतात, काही ठिकाणी डोह उरतात आणि जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसाने पुन्हा वाहू लागतात.

याच क्षणाची अनेक मासे वाट पाहत असतात. पाण्याचे तापमान उतरते, गढूळ आणि ताजे पाणी नदीत उतरू लागते, पातळी वाढते आणि अंड्यांनी भरलेल्या माद्या मुख्य प्रवाह सोडून ओढ्यांकडे वळतात. रायगड-ठाण्यात याला वलगण म्हणतात आणि या दिवसांत मिळणाऱ्या मासळीला वलगणीचे मासे. नदीच्या मुख्य पात्रात पुराचा जोर असतो आणि अंडी वाहून जातात. ओढ्याच्या कडेचे गवत बुडालेले, पाणी गुडघाभर आणि संथ, शिवाय भाताच्या खाचरांतून ओढ्याला येणारे पाणी कीटकांनी व सूक्ष्मजीवांनी भरलेले असते. नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या पिलाला याहून चांगली जागा नाही. मरळ काठच्या उथळ पाण्यात अंडी घालतो आणि पिलांची राखण करतो, तर मागूर थेट पाणी भरलेल्या खाचरांपर्यंत पोहोचतो. पाऊस ओसरू लागला की वाढलेली पिले पाण्याबरोबर नदीत उतरतात. म्हणजे नदीत वर्षभर दिसणाऱ्या माशांपैकी कित्येकांचा जन्म नदीत झालेलाच नसतो. ओढा तुटला की नदीतली मासळी कमी होते ती यामुळे.

आता मोरीपाशी काय घडते ते जवळून पाहू. ओढ्यावर रस्ता नेताना सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सिमेंटचे नळे टाकून वर भराव करणे. नळे टाकले त्या वर्षी त्यांचे तोंड ओढ्याच्या तळाशी टेकलेले असते. परंतु रुंद पात्रातून आलेले पाणी अरुंद नळ्यात शिरले की त्याचा वेग वाढतो आणि पलीकडे बाहेर पडताना ते समोरची माती व गोटे खणून नेते. दोन-चार पावसाळ्यांत नळ्याच्या तोंडाखाली खड्डा पडतो, तळ खचतो आणि नळा हवेत लोंबकळू लागतो. पाणी त्यातून धार लावून पडते. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पाऊस थोडा उघडल्यावर, अशा जागी उभे राहिले तर बोटाएवढे मासे त्या धारेवर झेप घेताना, सिमेंटच्या कडेवर आपटताना आणि पुन्हा खड्ड्यात पडताना दिसतात. पाग टाकणाऱ्यांनाही ही जागा ठाऊक असते, कारण पुढे जाता न आलेले सगळे मासे तिथेच गोळा होतात. काही वर्षे तिथे मासळी भरपूर मिळते आणि ओढ्यात मासे वाढल्यासारखे वाटते. वस्तुतः अंडी घालण्याआधीच माद्या पकडल्या जात असतात.

मासा अशा अडथळ्यावर का अडतो, याचे साधे गणित आहे आणि त्यात उंची, वेग व खोली या तीनच गोष्टी येतात. उंचीबाबत बोलायचे तर सॅमनसारख्या थंड पाण्यातल्या दणकट माशाची उडी सगळ्यांनी चित्रांत पाहिलेली असते, पण आपल्या ओढ्यांतल्या लहान माशांना वीतभर उंचीची पायरीसुद्धा जड जाते. शिवाय उडी मारण्यापूर्वी वेग घेण्यासाठी खाली खोल पाणी लागते. पायरीच्या उंचीच्या निदान सव्वापट खोल डोह खाली असावा, असा ढोबळ नियम यासाठी वापरला जातो. खाली काँक्रीटचे जोते असेल आणि त्यावर चार बोटे पाणी असेल, तर पायरी कितीही बुटकी असो, मासा उडी घेऊच शकत नाही.

वेगाचे गणित अधिक फसवे आहे. मासा दिवसभर ज्या वेगाने पोहू शकतो तो वेग वेगळा आणि जीव तोडून काही सेकंद मारलेली धाव वेगळी. अशा धावेत बरेच मासे सेकंदाला आपल्या शरीराच्या दहापट अंतर कापतात, म्हणजे दहा सेंटिमीटरचा मासा सेकंदाला सुमारे एक मीटर पोहतो. नळ्यातले पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने येत असेल तर विषयच संपला. ते ०.८ मीटर वेगाने येत असेल, तर माशाची निव्वळ प्रगती सेकंदाला ०.२ मीटर होईल आणि आठ मीटर रुंद रस्त्याखालचा नळा पार करायला त्याला चाळीस सेकंद लागतील. एवढा वेळ तो धाव टिकवू शकत नाही, कारण अशी धाव साधारणपणे वीस सेकंदांच्या आतच संपते. नैसर्गिक ओढ्यात हेच अंतर तो सहज कापतो, कारण तिथे प्रत्येक गोट्यामागे संथ पाण्याचा आडोसा असतो आणि मासा धाव, विसावा, पुन्हा धाव असे करत पुढे जातो. गुळगुळीत नळ्यात विसाव्याची जागाच नसते. तिसरी गोष्ट खोलीची. रुंद काँक्रीटच्या फरशीवर पाणी पातळ पसरते आणि माशाचे अर्धे अंग उघडे राहते. शेपटीला पाणी लागले नाही तर तिने रेटा देता येत नाही.

सगळ्या जलचरांना हे अडथळे सारखेच जाचतात असे मात्र नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांतला मळ्या हा लहान मासा तोंडाखालच्या चकतीने दगडाला धरून राहतो आणि जोराच्या प्रवाहातही टिकाव धरतो. समुद्रात अंडी घालणाऱ्या अहिर या वामीची पिले ओल्या, खडबडीत भिंतीवरून सरपटत चढू शकतात. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची अळी खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातच वाढते आणि नंतर पिले कडेकडेने, प्रसंगी ओलसर दगडांवरून चालत, नदीत वर सरकतात. म्हणून अडथळ्याच्या वरच्या बाजूला मळ्या सापडला, एवढ्यावरून वाट मोकळी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. तिथे बार्ब वर्गातले साधे, चकती नसलेले आणि लहानखुरे मासे आहेत का, हे पाहिले पाहिजे.

उपायांकडे वळताना प्रथम हे सांगितले पाहिजे की सर्वांत चांगला उपाय बहुधा सर्वांत कंटाळवाणा असतो. नळ्यांची मोरी काढून तिथे ओढ्याच्या नैसर्गिक पात्रापेक्षा थोडी अधिक रुंद अशी पेटीची मोरी किंवा छोटा पूल बांधायचा, तिचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा खाली घ्यायचा आणि आत ओढ्यातलेच गोटे व वाळू भरायची. म्हणजे रस्त्याखालीही ओढा ओढाच राहतो. अशा मोरीत झाडांचे ओंडके आणि कचरा कमी अडकतो, त्यामुळे अतिवृष्टीत रस्ता वाहून जाण्याचा धोकाही घटतो. रस्ते बांधणाऱ्या खात्याला माशांपेक्षा हे कारण अधिक पटते, आणि माझ्या मते तेच पुढे करायला काही हरकत नाही. मोरीचे गणित एरवी केवळ वरून येणाऱ्या पुराचे केलेले असते. खालून वर जाणाऱ्या जिवासाठी त्यात रकानाच नसतो.

जिथे बंधारा किंवा पायरी काढता येत नाही, तिथे खालच्या बाजूला दगडांचा उतार रचतात. हा उतार फार सौम्य असावा लागतो, वीस मीटरला एक मीटर किंवा त्याहूनही कमी. म्हणजे एक मीटर उंचीच्या पायरीसाठी वीस ते तीस मीटर लांबीचा दगडी उतार हवा. त्यात मोठे दगड आडव्या ओळींनी असे बसवतात की प्रत्येक ओळीमागे छोटा डोह तयार होईल. दगड नुसते ओतून चालत नाही. ओतलेल्या दगडांच्या फटींतून पाणी आतल्या आत निघून जाते, वर काही उरत नाही आणि पहिल्या पुरात अर्धे दगड पुढच्या शेतात जाऊन पडतात. फटी वाळू-खडीने बुजवणे आणि पायथ्याचे दगड तळात खोल रोवणे, या दोन कामांवर सगळे यश अवलंबून असते. पायरी पूर्ण काढून टाकतानाही सावध राहावे लागते, कारण ती अनेक वर्षे वरच्या तळाला धरून असते. ती अचानक काढली तर ओढ्याचा तळ वरच्या दिशेने खचत जातो आणि काठची शेते ढासळतात.

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हा या साऱ्यातला निराळा प्रकार आहे. त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या, पावसाळा संपताना बसवतात आणि पुढचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी काढतात. माशांची वर जाण्याची वेळ नेमकी पावसाच्या आरंभी असल्यामुळे बरगे वेळेवर निघाले तर बंधारा बऱ्याच अंशी वाट मोकळी करतो. पंधरा दिवस उशीर झाला तर त्या वर्षीची पहिली वलगण हुकते. इथे एक पैसाही खर्च न करता केवळ तारीख पाळून माशांचे भले होते. शेतकरी आणि कृषी खाते पावसानंतर रेती-मातीच्या पोत्यांनी घालतात ते वनराई बंधारे तर माशांना फारसे अडवतच नाहीत, कारण जूनच्या पाण्यात ते आपोआप वाहून जातात आणि तोवर वरच्या बाजूला पाणी धरून ठेवतात.

परदेशातली उदाहरणे देताना आपले ओढे पावसावर चालणारे आहेत, हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. अमेरिकेतील आयडाहो राज्यात लेमहाय नावाची नदी आहे. तिच्या उपनद्यांचे पाणी शेतीच्या पाटांनी एवढे उचलले की त्या नदीला मिळण्यापूर्वीच कोरड्या पडत आणि समुद्रापासून हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून आलेल्या सॅमनला त्यांत शिरता येत नसे. तिथे शेतकऱ्यांशी करार करून पाणी ओढ्यात राहू दिले गेले, पाटांची जागा बदलली आणि एकेक ओढा नदीला पुन्हा जोडला गेला. त्याच देशातील क्लामथ नदीवरची चार धरणे २०२४ मध्ये काढून झाली आणि काही आठवड्यांतच सॅमन जुन्या धरणांच्या वर दिसले. धरण पाडण्याच्या बातम्या गाजतात. मात्र युरोपातील छत्तीस देशांच्या नद्यांचे सर्वेक्षण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा निदान बारा लाख अडथळे असल्याचा अंदाज निघाला आणि त्यांपैकी ६८ टक्के दोन मीटरपेक्षा बुटके होते. म्हणजे तिथेही खरा गुंता लहान अडथळ्यांचाच आहे.

आपल्या ओढ्याला बारा महिने वाहते करण्याचा अट्टहास मात्र निरर्थक आहे, कारण तो कधीच बारमाही नव्हता. त्याला चार महिने मोकळी वाट हवी आणि उरलेले आठ महिने डोह हवेत. उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्यातले मासे डोहात तग धरतात आणि पुढच्या वर्षीच्या माशांचा तोच एक आधार असतो. म्हणूनच ओढ्याचे सरसकट खोलीकरण आणि रुंदीकरण करणे, काठची करंज-उंबराची मुळे उपटणे, वळणे सरळ करणे यांमुळे ओढा कागदावर नदीला जोडलेला राहतो आणि माशांसाठी निकामी होतो. जेसीबीने एकसारखा खणलेला चर पावसात पाणी झपाट्याने वाहून नेतो आणि पावसानंतर तितक्याच झपाट्याने कोरडा पडतो. पुनर्जोडणीच्या नावाखाली हेच काम झाले तर त्यापेक्षा जुनी मोरी बरी, असे म्हणावे लागेल.

दगड-काँक्रीटचा अडथळा नसतानाही ओढा तुटलेला असू शकतो, याचे उदाहरण ठाणे जिल्ह्यातच आहे. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून जाणारी वालधुनी नदी उल्हासनगरमधून कल्याणला उल्हासमध्ये मिळते. वाट उघडी आहे, पण सांडपाणी आणि रासायनिक पाणी यांमुळे त्या वाटेवर प्राणवायू नाही. मासे व वन्यजीवांच्या वाढीसाठी योग्य पाण्यात लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. आपल्याकडच्या तीस अंशांच्या पाण्यात मुळातच साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, त्यामुळे घसरायला फारशी जागा नसते. अशा पाण्याचा दोनशे मीटरचा पट्टासुद्धा माशांना भिंतीसारखा अडवतो. त्यातही मरळ, मागूर आणि शिंगी हे मासे वर येऊन हवा घेऊ शकतात, म्हणून नाल्यात मरळ दिसला की पाणी सुधारले, असे समजू नये. वालधुनीसारख्या प्रवाहावर मोरी बदलण्याचा खर्च करणे हे क्रम उलटा करण्यासारखे आहे. तिथे आधी पाणी शुद्ध झाले पाहिजे.

काही वेळा अडथळा मुद्दाम ठेवणे शहाणपणाचे असते. तिलापिया आणि शोभेच्या टाक्यांतून सुटलेला सकर मासा हे परदेशी मासे आपल्या नद्यांत पसरले आहेत. घाटाच्या पायथ्याशी एखाद्या ओढ्याचा वरचा भाग त्यांच्यापासून सुटलेला असेल, तर खालची पायरी काढल्याने आपण त्यांनाच आमंत्रण देऊ. त्यामुळे दोन्ही बाजूंचे मासे पाहिल्याशिवाय हात घालू नये.

नवी मुंबईत हाच प्रश्न भरती-ओहोटीच्या रूपात येतो. हे शहर वसवताना सिडकोने खाडीकाठची सखल जमीन वापरली आणि भरतीचे पाणी वस्तीत शिरू नये म्हणून धारण तलाव व झडपा यांची योजना केली. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते, नाल्यांचे पावसाळी पाणी तलावात साठते आणि ओहोटीला झडप उघडून ते खाडीत जाते. पुराच्या दृष्टीने ही रचना योग्य आहे. मात्र बोय, जिताडा, कोळंबी यांची पिले भरतीच्या पाण्याबरोबरच आत येतात आणि नेमकी तेव्हाच झडप बंद असते. ओहोटीला ती उघडते तेव्हा पाणी इतक्या जोरात बाहेर येते की पिलांना त्याविरुद्ध जाता येत नाही. जिताडा खाडी आणि गोडे पाणी अशा दोन्हीकडे वावरणारा मासा असल्याने त्याचे यात विशेष नुकसान होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अशा ठिकाणी पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होणाऱ्या तरंगत्या फ्लोटवर चालणाऱ्या झडपा बसवतात. त्या भरतीच्या पहिल्या भागात उघड्या राहतात आणि पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की मिटतात. आपल्याकडे अशी झडप बसवण्यापूर्वी तलावांतला गाळ, तिथे वाढलेली कांदळवने आणि पावसाळ्यातली भरतीची पातळी यांचा एकत्र हिशोब करावा लागेल, कारण पाणी घरांत शिरले तर माशांची बाजू कोणीही ऐकून घेणार नाही.

एखाद्या गावाने हे काम मनावर घेतले तर सुरुवात कुठून करावी? संगमापासून. ओढ्यावर सात अडथळे असतील आणि वरचे सहा दूर करून सर्वांत खालचा तसाच ठेवला, तर नदीतल्या माशाला काहीच मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यात संगमापासून वर चालत जावे आणि प्रत्येक मोरी, फरशी व बंधाऱ्याची उंची, खालच्या खड्ड्याची खोली, नळ्याची लांबी आणि रुंदी टेपने मोजून लिहून ठेवावी. मग जूनच्या पहिल्या पावसानंतर त्याच जागा पुन्हा पाहून मासे कुठे अडतात हे नोंदवावे. या कामात कातकरी आणि ठाकर समाजातल्या जाणत्या माणसांना बरोबर घ्यावे, कारण कोणता मासा कोणत्या डोहात उन्हाळा काढतो, हे त्यांना जितके ठाऊक असते तितके कोणत्याही नकाशात नसते. बांधकाम डिसेंबर ते मे या काळातच उरकावे लागते. अडचण अशी की मोरी एका खात्याची, बंधारा दुसऱ्याचा आणि पाणी उचलणारी योजना तिसऱ्याची असते, त्यामुळे ग्रामपंचायतीने हे सगळे अडथळे एका यादीत आणून जिल्हा परिषदेपुढे ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. २०२५ मध्ये पोशीर आणि शिलार या उल्हासच्या वरच्या उपनद्यांवरील धरणांना राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे. त्यामुळे जे ओढे धरणांच्या खाली उरतील, त्यांचे मोल वाढणार आहे.

काम झाल्यावर यश कसे मोजायचे, हेही आधीच ठरवावे. जोडणीपूर्वी आणि जोडणीनंतर त्याच पंधरवड्यात, त्याच जागी, त्याच आकाराच्या जाळ्याने पाहणी केली तरच तुलना खरी ठरते, आणि पकडलेले मासे मोजून परत सोडायचे असतात. पहिल्या पावसाळ्यात दगडी उतार बसतो, गाळ हलतो आणि काही दगड जागा बदलतात, त्यामुळे ऑक्टोबरात डागडुजीसाठी थोडे पैसे बाजूला ठेवावेत. वर चढलेल्या प्रौढ माशांपेक्षा सप्टेंबरात खाली उतरणाऱ्या पिलांची मोजणी अधिक बोलकी असते, कारण मासे वर पोहोचले एवढेच नव्हे, तर तिथे त्यांनी अंडी घातली आणि ती जगली, हे तिच्यावरूनच कळते. ही मोजणी निदान तीन पावसाळे करावी, कारण एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षासारखा नसतो. आणि वलगणीच्या पहिल्या पंधरवड्यात संगमापाशी व नव्या मोरीच्या तोंडाशी कोणी जाळे लावू नये, एवढा एक ठराव ग्रामसभेत काम सुरू होण्यापूर्वीच संमत करून घ्यावा.